आधी नंबर दाबा

जिल्हा परिषद असो, तहसील कचेरी असो की पोलीस ठाणं, ‘आज व्हीसी आहे’, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स आहे, एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. खुर्च्या लागतात, चहा सांगितला जातो, भिंतीवरचा मोठा पडदा सुरू होतो. कॉल लागतो. पण पडद्यावर साहेब काही दिसत नाहीत. दिसते एक निळी पाटी, आणि रेकॉर्ड केलेला एक बाईचा आवाज इंग्रजीत सांगतो की मीटिंगचा नंबर टाका आणि शेवटी हॅश दाबा.

रेल्वेच्या १३९ वर किंवा बँकेच्या फोनवर ‘अमुकसाठी एक दाबा’ ऐकायची आपल्याला सवय आहे. पण जिथे समोरासमोर दिसायचं, तिथे हा आवाजी द्वारपाल कशाला?

कारण साधं आहे. सभागृहात कायमची बसवलेली यंत्रं एच.३२३ किंवा एसआयपी या पद्धतीने बोलतात. पहिलीला १९९६ मध्ये मान्यता मिळाली, दुसरीची पहिली नियमावली १९९९ ची. झूम, टीम्स ही नंतरची मंडळी. त्यांचं काम लिंकवर चालतं. जुन्या यंत्राला ना ईमेल, ना माऊस, मग लिंकवर क्लिक कोण करणार? त्याला फक्त एक पत्ता फिरवता येतो. त्या एका पत्त्यामागे एकाच वेळी शेकडो मीटिंगा चालू असतात. तुम्हाला त्यातल्या कोणत्या मीटिंगमध्ये सोडायचं, हे विचारण्यापुरता तो आवाज दारात उभा असतो. झूमच्या बाबतीत पत्ता, दोन हॅश आणि मग मीटिंगचा नंबर असं सलग डायल केलं की बऱ्याच यंत्रांना सरळ आत जाता येतं. पण हे माहीत असलेला माणूस नेमका त्याच दिवशी रजेवर असतो.

आता हे नंबर दाबणं पाहा. बटणाचा तो ‘टूं’ आवाज अमेरिकेत बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या दोन गावांत ग्राहकांना दिला. तेव्हा बटणं दहाच होती. चांदणी आणि हॅश १९६८ मध्ये आले. प्रत्येक बटणाचे दोन सूर एकदम वाजतात. पाचाचे सूर ७७० आणि १३३६ हर्ट्झचे. एकच सूर ठेवला असता तर बोलता बोलता कोणाचा आवाज त्या पट्टीत गेला किंवा कोणी शीळ घातली तरी पलीकडच्या यंत्राला वाटलं असतं की बटण दाबलं. साठ वर्षं झाली, तरी कोट्यवधींची यंत्रं एकमेकांना ओळख पटवतात ती याच दहा-बारा बटणांनी. मला यात मागासलेपण दिसत नाही. एकमेकांशी धड न पटणाऱ्या सगळ्या कंपन्यांना समजणारी एवढी एकच गोष्ट शिल्लक आहे, ती जपून ठेवावी.

गोंधळ मात्र इथेच होतो. सभागृहातल्या काही यंत्रांच्या रिमोटवर आकड्यांना दोन कामं दिलेली असतात. कॉल चालू असताना तीन दाबला तर तीनचा सूर जाण्याऐवजी कॅमेरा गर्रकन फिरून आधी ठरवून ठेवलेल्या तिसऱ्या जागेवर, म्हणजे बहुधा रिकाम्या खुर्चीवर, जाऊन थांबतो. आवाज पुन्हा म्हणतो, नंबर टाका. साहेब म्हणतात, अहो, दाबताय ना? दाबतोय साहेब! कॅमेरा पुन्हा फिरतो. सेटिंगमध्ये ‘प्रीसेट’ऐवजी ‘टोन’ निवडलं की झालं, पण ती सेटिंग शोधेपर्यंत वेळ संपून कॉल तुटलेला असतो.

दुसरी खोड आवाज दाबून पाठवण्यातली. इंटरनेटवर जागा वाचावी म्हणून काही पद्धती आवाज इतका आवळतात की माणसाचं बोलणं कळतं, पण बटणाचे सूर वेडेवाकडे होतात. म्हणून आकडा आवाजातून न पाठवता ‘पाच दाबला’ असा निरोप वेगळा पाठवायची रीत पडली. कुठे चुकून दोन्ही गेलं की पाचाचे दोन पाच होतात आणि नंबर चुकल्याचं उत्तर येतं.

माझं म्हणणं एवढंच, की हा द्वारपाल जरा सबुरीचा हवा. त्याने मराठीत बोलावं, आकडे पडद्यावर उमटवावेत, आणि चष्मा शोधणाऱ्या माणसाला चार सेकंद जास्त द्यावेत. एप्रिल २०२० मध्ये आगंतुकांचा उपद्रव वाढल्यावर झूमने पासवर्ड आणि प्रतीक्षाकक्ष आपोआप लागू केले, ते योग्यच होतं. पण अक्षरांचा पासवर्ड रिमोटवर लिहायचा कसा? म्हणून अशा यंत्रांसाठी निव्वळ आकड्यांचा वेगळा पासवर्ड ठेवावा लागला. निमंत्रण पाठवणारे तो कळवायला सर्रास विसरतात.

गंमत म्हणजे या द्वारपालाकडे तुमचं चित्र पोचलेलं असतं, तरी तो बघत नाही. नंबर बरोबर असला की कोणीही आत. कार्यालयाच्या बैठकीत हे चालून जातं, कोर्टात नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली. तेव्हाच न्यायालयाने सांगितलं, की साक्षीदाराच्या खोलीत एक अधिकारी हजर असावा आणि साक्षीदाराला कोणी पढवत नाही ना, हे त्याने पाहावं. कोर्टांतल्या व्हीसीसाठीच्या २०२० च्या नमुना नियमांतही दोन्ही टोकांना एकेक समन्वयक सांगितला आहे. हॅश दाबून झाल्यावर त्याने पडद्याकडे पाहायचं, साक्षीदाराचं ओळखपत्र तपासायचं, आणि मगच साक्ष सुरू करायची.