मागच्या रांगेतला भोंगा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही गाण्या-बजावण्यातले जाणकार नाही. गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, साच्यांच्या खडखडाटात निम्मे कान गेले. तरीपण आज बँडवर बोलणार आहोत. मागच्या जयंतीच्या मिरवणुकीत लोकांनी ट्रंपेटवाल्याच्या खिशाला नोटा लावल्या. त्याच्या मागं एक म्हातारा वादक पितळेचा मोठा भोंगा अंगावर घेऊन घामानं निथळत चालला होता. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. आणि जेवणाच्या वेळी आपल्याच कमिटीनं बँडवाल्यांना सगळ्यांच्या शेवटी बसवलं. त्या कमिटीत आम्हीही होतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

त्या भोंग्यावरून आम्हाला इंग्लंडमधलं ग्राइमथॉर्प आठवतं. यॉर्कशायरमध्ये बार्न्सलेजवळचं हे कोळसा खाणीचं गाव. १९१७ साली तिथल्या खाण कामगारांचा बँड उभा राहिला. त्यांच्या हकिगतीवरून सुचलेला ‘ब्रास्ड ऑफ’ हा १९९६ सालचा सिनेमा युनियनमधल्या एका मित्रानं दाखवला. त्यातलं वादन खुद्द याच बँडचं आहे. तेव्हापासून मिळेल ते आम्ही वाचत आलो.

अशा बँडमध्ये पितळेची वाद्यं वाजवणारे पंचवीसजण असतात. वरचे सूर कॉर्नेटवाल्यांचे, टाळ्याही जास्त त्यांनाच. खालचा सूर ट्रॉम्बोन, युफोनियम आणि चार बास यांचा. थोरल्या बासची नळी सरळ केली तर सुमारे १८ फूट भरेल. एवढ्या नळीत हवा भरायची म्हणजे छाती पाहिजे. एकट्यानं लांब सूर धरणं होत नाही. म्हणून चौघं एकदम दम घेत नाहीत. एक घेतो तेव्हा बाकीचे सूर धरून ठेवतात, मग दुसरा घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर तुटलाच नाही! हे वाचलं आणि आम्हाला खातं आठवलं. शेजारचा बिडी प्यायला गेला की त्याचे साचे आम्ही बघायचो, आम्ही गेलो की तो. मुकादमाला पत्ता लागत नसे.

आणि छाती तरी कसली? खाणीत कोळशाची धूळ छातीत बसते, आपल्याकडं कापसाची. ज्या छातीनं वाजवायचं ती आधी पाळीत झिजायची. सिनेमातला बँडमास्तर त्याच दुखण्यानं खंगतो. ते बघताना आम्हाला आमचे वडील दिसले. जास्त बोलत नाही.

आपला गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. त्यांच्याकडचा खाण संप मार्च १९८४ ते मार्च १९८५. तेही हरले. पुढं १३ ऑक्टोबर १९९२ ला तिथल्या सरकारनं ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं, सुमारे ३० हजार नोकऱ्या जाणार होत्या. ग्राइमथॉर्पची खाणही त्यात होती. आणि चारच दिवसांनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा! घरी काय वाजत असेल, विचार करा. ते गेले, वाजवलं आणि पहिले आले.

खाण वाचली नाही. १९९३ ला बंद झाली. मग त्या बक्षिसाचं काय लोणचं घालायचं, असं आम्हीही त्या मित्राला म्हणालो होतो. पण बँड बंद पडला नाही. बाहेरगावचे वादक आले, पाठीराखे बदलले. नावात ‘कोलियरी’ म्हणजे कोळसा खाण हा शब्द मात्र त्यांनी ठेवलाय. आपल्याकडं चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले आणि आपण गिरण्यांची नावं बस स्टॉपपुरती ठेवली.

तर मुद्द्याचं बोलतो. यंदाच्या जयंतीला बँडवाले पहिल्या पंगतीला आपल्याबरोबर बसतील, असा ठराव आम्ही कमिटीपुढं दिलाय. काहीजण म्हणतात, मिरवणुकीला उशीर होईल. होऊ द्या. त्या म्हाताऱ्या वादकाचं नावसुद्धा आम्ही त्या दिवशी विचारलं नव्हतं. बँडच्या मालकाकडं चौकशी केलीय, अजून पत्ता लागलेला नाही. कुणाला माहीत असेल तर सभेनंतर आम्हाला भेटा. सभा येत्या रविवारी सकाळी, इथंच विहारात आहे.

जयभीम.