केळीची बाग आणि नवी यंत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

अध्यक्षबाई आणि भगिनींनो,

सातवीपर्यंत शिकलेल्या गृहिणीने यंत्रांवर बोलावे याचे कोणाला नवल वाटेल. पण रावेर-यावलकडच्या केळीबागांत जे नवे यंत्र येत आहे, त्याचा संबंध आपल्या चुलीशी आहे. म्हणून दोन शब्द बोलते.

पूर्वी केळीला पाटाने पाणी देत. पुढे जळगावच्या भवरलाल जैन यांनी ठिबकच्या नळ्या शेतोशेती पोहोचवल्या. आता काही बागांत मुळांजवळ मातीत एक कांडी पुरतात. तिला सेन्सर म्हणतात. ओल कमी झाली की कांडी निरोप धाडते, व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि ओल पुरली की मिटतो. युरिया, पोटॅशही पाण्यात विरघळून त्याच नळीतून मुळाशी जाते. भर उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर पाणी लागते. विहिरी आटत असताना थेंब मोजून देणारे यंत्र मोलाचेच. रात्रीच्या विजेसाठी घरच्या माणसाचे विंचूकाट्यातून जाणेही वाचते.

पण भगिनींनो, खताची पाटी घेऊन झाडोझाड मूठ टाकणे आणि निंदणी करणे हे बायांचे काम. खत आता नळीतून जाते. पाणी मुळाशीच पडते म्हणून तणही कमी. मजुरीचे तेवढे दिवस गेले. त्या मजुरीवर ज्या घरात तेलमीठ येते, तिथे यंत्राचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे?

यंत्राला नावे ठेवून ते परत जाणार नाही. पण त्यालाही माणूस लागतोच. नळीची भोके क्षाराने बुजतात, फिल्टर धुवावा लागतो, टाकीत खत मोजून घालावे लागते. कांडी खरे सांगते की नाही, हे माती मुठीत दाबून पाहावे लागते. हे काम ताकदीचे नाही, ध्यानाचे आहे. डाळ-तांदूळ मापाने शिजवणाऱ्या बाईला ते का जमू नये? मग शिकवताना बोलावणे पुरुषांनाच का?

माझ्या दोन विनंत्या आहेत. मंडळाने पालच्या कृषी विज्ञान केंद्रातील जाणकारांना बोलावून बायांसाठी, त्यांतही मजुरीच्या बायांसाठी, वर्ग घ्यावा. आणि ज्यांच्या बागेत यंत्र बसले आहे, त्या भगिनींनी खत टाकणाऱ्या बाईलाच फिल्टर-टाकीचे काम द्यावे व मजुरी वाढवून द्यावी.

पाणी वाचले, ते चांगलेच झाले. पण त्यापायी शेजारणीची चूल विझू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेते.