रुळावरचा वाढपी

परभणी जिल्ह्यात लग्नाची पंगत बसली की पत्रावळीवर सगळ्यांत आधी येतं मीठ. मग डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी आणि आमटीचा द्रोण. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तुपाची धार.

श्रोतेहो, यात एक मोठा शिष्टाचार आहे. जेवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही, पदार्थाकडे हात लांबवायचा नाही. वाढपी ‘भात, भात’ असा पुकारा करत आपण होऊन समोर येतो. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. आणि शेजाऱ्याचं आटोपल्याशिवाय उठायचं नाही. पंगत सरदारांच्या वाड्यात गेली की पाटाला चांदीच्या फुल्या आल्या, ताट-वाट्या आणि तांब्या-फुलपात्र चांदीचं झालं, ताटाभोवती रांगोळी आली. पण मिठाची जागा तीच राहिली.

युरोपातही एके काळी सगळे पदार्थ एकदमच मांडत. एकोणिसाव्या शतकात तिथे रशियन पद्धत रुळली: नोकरानं एकेक पदार्थ आणायचा, तो संपला की बशी उचलायची. प्रत्येक पदार्थाला वेगळा काटा, वेगळी सुरी, वेगळा चमचा लागू लागला. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, आणि हात घालायचा तो बाहेरच्या टोकापासून आत. खानदानी घरांतली चांदी एवढी वाढली, त्याचं एक मोठं कारण हेच.

आपल्या संस्थानिकांनी ही रीत उचलली ती इंग्रज पाहुण्यांसाठी. परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, जमिनीवर दस्तरख्वान अंथरून जेवायची जुनी चाल. आणि तिथेच फलकनुमा राजवाड्यात एका वेळी 101 माणसं बसतील असं लांबच लांब मेज आलं.

खरी नवलाई मात्र एका मराठी घराण्याची आहे. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरचे राजे झाले. 1874 साली जयाजीराव शिंद्यांनी तिथे जयविलास महाल बांधला. पुढे गादीवर आलेल्या माधवराव महाराजांना रेल्वेचा मोठा षोक. त्यांनी जेवणाच्या मेजावरच रूळ टाकले आणि त्यांवरून चांदीची छोटी आगगाडी फिरवली! विजेवर चालणारं इंजिन, मागे सात डबे. प्रत्येक डब्यावर शिंदे नावाच्या इंग्रजी रूपातलं एकेक अक्षर. डब्यांत कोरीव काचेच्या सुरया.

इंग्रजी मेजावर जेवणानंतर पोर्ट दारूची सुरई डाव्या हाताच्या माणसाकडे सरकवायची असा रिवाज. ग्वाल्हेरला सरकवण्याचं काम गाडीनं घेतलं. पाहुण्यानं सुरई उचलली की गाडी थांबायची, पेला भरून सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागायची.

म्हणजे पाहुणा जागच्या जागी, आणि वाढणारा त्याच्यापुढे फिरता. मेज विलायती, गाडी विलायती, दारूही विलायती. वाढप मात्र पंगतीतलं. महाराजांनी ते ध्यानात धरून केलं असं म्हणायला आधार नाही, पण पंगतीत वाढलेल्या माणसाला ही गाडी बघताच ओळखीची वाटते. जयविलासच्या संग्रहालयात ती आजही बघायला मिळते.