खिशातला की गळ्यातला?

माझी भाची गेल्या वर्षी नोकरीला लागली. पहिल्या चार पगारांतून शिल्लक टाकलेले पैसे घेऊन ती एका रविवारी सकाळी माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, कॅमेरा घ्यायचा आहे. खिशात मावणारा घेऊ, की गळ्यात अडकवायचा घेऊ?" प्रश्न दिसावयास सरळ होता. तो ज्याला विचारला, तो गृहस्थ गेली तीस वर्षे हौसेने छायाचित्रे काढीत आलेला. तेव्हा उत्तर तयार असावयास हवे होते. ते तयार होतेही. आणि ते चुकले. त्या चुकीचीच हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

तिला कॅमेरा हवा होता तो प्रवासासाठी नव्हे, की समारंभांसाठी नव्हे. इंदुरात रामबागेजवळ आमचा जुना वाडा होता. तेथे माझी आई, म्हणजे तिची आजी, राहत असे. आईचे वय शहाऐंशी. वाड्याचा व्यवहार ठरून गेला होता; दिवाळीनंतर तो पडणार होता. आणि आईची स्मरणशक्ती अलीकडे अशी झाली होती, की सकाळी नातीचे नाव आठवत नसे आणि दुपारी तिच्या बारशाच्या पंक्तीत कोण कोण जेवले ते सगळे आठवे. "वाडा उभा आहे आणि आजी मला ओळखते आहे, तोवर मला काही चित्रं हवी आहेत," भाची म्हणाली. मोबाइल तिच्या हातात होताच. त्याविषयी विचारले, तर तिने दिलेले उत्तर माझ्या ध्यानात राहिले आहे. "त्यात आजीचे तीनशे फोटो आहेत, मामा. त्यांतला एकही मी पुन्हा पाहिलेला नाही."

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही निवड तिने ज्या काळात करावयास घेतली, तो या दोन्ही यंत्रांचा उतरता काळ आहे. २०१० साली जगभर मिळून बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यांतले बहुसंख्य खिशात मावणारे होते. २०२३ साली हाच आकडा ऐंशी लाखांच्या आत आला. लहान कॅमेऱ्यांचा बाजार मोबाइलने गिळला. मोठ्या डीएसएलआरची, म्हणजे ज्यात भिंगामागे आरसा असतो व भिंगातून आलेले दृश्यच थेट डोळ्याला दिसते अशा कॅमेऱ्याची, जागा बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी घेतली. नवशिक्यांसाठी म्हणून २०१८ साली निघालेला निकॉनचा डी-३५०० हा त्या मालिकेतला अखेरचा ठरला. पण याच कारणाने चांगले, फारसे न वापरलेले असे मोठे कॅमेरे आज जुन्या बाजारात बेताच्या किमतीला मिळू शकतात, आणि चार पगारांच्या शिल्लकीला ते परवडतात.

माझे उत्तर तयार होते असे मी म्हणालो, त्यामागे अनुभव होता. २०११ साली मीही असा एक मोठा कॅमेरा घेतला होता. पहिले सहा महिने तो माझ्याबरोबर भाजी आणावयासदेखील आला. त्याची पिशवी, त्याची झाकणे, त्याला पुसावयाचे मऊ फडके, सगळे साग्रसंगीत. वर्षाअखेरीस तो फक्त लग्नांना येऊ लागला. दुसऱ्या वर्षी कपाटात गेला. पुढे एकदा माझा मोठा भाऊ बेळगावहून दोन दिवसांसाठी आला. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे भाऊ आणि आई चौकात बसून बारापर्यंत बोललो, हसलो. कॅमेरा दहा पावलांवर होता. पण उठून कपाट उघडावे, भिंग जोडावे, ती मैफल मोडावी, हे जिवावर आले. भावाची ती शेवटची भेट. तेव्हापासून माझे मत कायम झाले, की जो जवळ असतो तोच कॅमेरा चांगला. तो मोठा कॅमेरा मी एका विद्यार्थ्याला देऊन टाकला आणि सोनीचा आरएक्स-१०० हा खिशातला कॅमेरा घेतला. वजन २४० ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात तो राहतो आणि खिसा फारसा लोंबत नाही.

माझ्या मताला हिशेबाचाही आधार होता. मोठ्या कॅमेऱ्याचा मोठेपणा त्याच्या आकारात नसून आतल्या सेन्सरमध्ये, म्हणजे ज्या चकतीवर प्रकाश पडून चित्र उमटते तिच्यात असतो. डी-३५०० मधील सेन्सर २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ मिलिमीटर रुंद असतो. साध्या स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळात सुमारे तेरा पट फरक पडतो. पावसाच्या पाण्यासाठी घमेले ठेवावे की वाटी, असा तो प्रश्न आहे. मात्र आरएक्स-१०० च्या जातीच्या कॅमेऱ्यांत सेन्सर मोठा, १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो. तेथे हा फरक जेमतेम तिपटीवर येतो. आता गंमत पाहा. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर दुकानदार जे भिंग देतो, त्याचे छिद्र रुंद दृश्य घेताना फार तर ३.५ इतकेच उघडते. हा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. माझ्या लहान कॅमेऱ्याचे १.८ पर्यंत उघडते, आणि त्यामुळे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जवळजवळ पावणेचार पट प्रकाश येतो. म्हणजे घमेले मोठे, पण वरचा पत्रा अर्धवट झाकलेला. वाटी लहान, पण उघड्यावर. पाणी सारखेच साठते! दूरचे दृश्य जवळ ओढू लागलो की मात्र लहान कॅमेऱ्याचे छिद्रही आकसते आणि मोठा पुन्हा पुढे जातो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही जो मनुष्य दुकानात मिळालेल्या भिंगावरच जन्म काढणार आहे, त्याने सहाशे ग्रॅमांचे ओझे गळ्यात का बांधावे, हा माझा युक्तिवाद होता.

आणि इतिहासही माझ्याच बाजूचा होता. आमच्याच इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना लाला दीनदयाळ यांना छायाचित्रणाचा नाद लागला. पुढे ते निजामाच्या दरबारचे राजा दीनदयाळ झाले. त्यांच्या काळी कॅमेरा म्हणजे काचेच्या प्लेटी आणि तिकाटणे यांचा संसारच. त्या ओझ्याला कंटाळून, आणि दम्याचा विकार असल्यामुळे ते वाहता येईना म्हणून, ओस्कार बार्नाक या जर्मन कारागिराने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा एक चिमुकला कॅमेरा स्वतःसाठी बनविला. तोच १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका या नावाने जगापुढे आला. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार तो लायका घेऊन हिंडे, आणि लोकांचे लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवी. हे सारे मी भाचीला मोठ्या रसाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "दोन्ही आठ-आठ दिवस वापरून पाहू?"

माझा लहान कॅमेरा तिला दिला. मोठा, म्हणजे डी-३५००, एका मित्राकडून मागून आणला. मित्र जाणता; त्याने दुकानातल्या भिंगाबरोबर ३५ मिलिमीटरचे, झूम नसलेले, १.८ छिद्राचे एक छोटे भिंगही दिले. हे भिंग वजनाने दोनशे ग्रॅमच आहे, पण ते लावताच माझा वरचा सगळा हिशेब कोसळतो. घमेले मोठे, आणि पत्राही काढलेला.

पहिला आठवडा लहान कॅमेऱ्याचा. माझी खात्री होती, की आईला तो जाणवणारही नाही. झाले भलतेच. त्या कॅमेऱ्याला डोळा लावून पाहावयाची खिडकी नाही. हात पुढे धरून मागच्या काचेत पाहावे लागते. आईला वाटे, मुलगी मोबाइलच बघत बसली आहे. ती बोलता बोलता थांबे. तिसऱ्या दिवशी ती रागावून म्हणाली, "माझ्याकडे बघ की गं. त्या पाटीत काय बघतेस?" त्या आठवड्याच्या चित्रांत आईच्या कपाळावर सतत एक आठी आहे. माजघरातली चित्रे तर दाणेदार आली. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागे, आणि चेहरा जवळ आणण्यासाठी भिंग पुढे काढले की छिद्र आकसे.

मोठा कॅमेरा निघाला तेव्हा आईने पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या तसबिरीसारखी ताठ बसली. मी मनात म्हटले, झाले! पण आत आरसा उचलला गेला आणि 'खट्' असा आवाज झाला. आईने खांदे सैल सोडले, "झाला का?" म्हणून हसली, आणि नातीने त्याच क्षणी दुसरे चित्र घेतले. ती युक्ती तिला तिथल्या तिथे सापडली. आईचे कान आता मंद आहेत, पण तो खटका तिला ऐकू येई. तो आला की आपले काम संपले असे समजून ती मटार सोलू लागे, जुन्या गोष्टी सांगू लागे. डोळा कॅमेऱ्याला लागलेला म्हणजे मुलगी आपल्याकडेच पाहते आहे, हेही तिला कळत असावे. चौथ्या दिवशी तिने पदराकडे लक्ष देणे सोडले.

कार्तिए-ब्रेसाँची काळी पट्टी अनोळखी माणसांसाठी होती. शहाऐंशी वर्षांच्या आजीला आपल्याकडे कुणी पाहत आहे, हे लपविण्याचे कारण नव्हते. उलट तेच तिला हवे होते. हा मुद्दा मला तीस वर्षांत सुचला नव्हता.

भाचीने जुना डी-३५०० आणि ते ३५ चे भिंग घेतले. दुकानातल्या भिंगाला तिने हात लावला नाही. आपल्यापैकी कुणी असा जुना कॅमेरा घेणार असेल, तर दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. झडप किती वेळा उघडली याचा आकडा छायाचित्राच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो, तो विचारावा. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहावे. ती बुरशी असते, आणि रत्नागिरी वा कलकत्ता यांसारख्या दमट हवेच्या ठिकाणी ती विशेष धरते. तेथे राहणाऱ्यांनी कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा. आणि निकॉनच्या नवशिक्या कॅमेऱ्यांना स्वतःची मोटार नसते, म्हणून मोटार नसलेले जुने स्वस्त भिंग त्यांच्यावर हातानेच जुळवावे लागते. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही. यांपैकी काहीच सांभाळण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी खुशाल खिशातला घ्यावा. भावाची ती रात्र मी अजून विसरलेलो नाही, आणि माझ्या खिशात आजही तोच २४० ग्रॅमांचा कॅमेरा आहे.

वाडा पडला. आई आता आमच्याकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात असते. भाची दर रविवारी येते. तिचे नाव आईला आता बहुतेक वेळा आठवत नाही. पण दार उघडताच ती विचारते, "खटक्याचा डबा आणलास का गं?"