सत्यभामेचे झाड

फुलांवरून प्रेमी जनांत झालेले रुसवेफुगवे थोडे नाहीत. परंतु त्या सर्वांत जो अजरामर झाला, तो द्वारकेतील होय. हरिवंशातील ती कथा सर्वांच्या परिचयाची आहे. नारदमुनींनी स्वर्गातील पारिजातकाचे एक फूल श्रीकृष्णाला दिले. श्रीकृष्णाने ते जवळच असलेल्या रुक्मिणीला दिले. आणि ही वार्ता कानी पडताच सत्यभामा रुसून बसली. तिची समजूत घालण्यास दुसरे एखादे फूल पुरेसे झाले नाही. प्रत्यक्ष इंद्राशी झुंज घेऊन श्रीकृष्णाला तो वृक्षच द्वारकेस आणावा लागला. विष्णुपुराणात रुक्मिणीच्या फुलाचा हा प्रसंग नाही. तेथे श्रीकृष्णाबरोबर स्वर्गात गेलेल्या सत्यभामेच्या दृष्टीस तो वृक्ष पडतो आणि ती त्याची मागणी करते. पण मागणी दोन्हीकडे एकच : फूल नको, झाड हवे.

या एका हट्टाने भारतातील किती भाषांना काव्य पुरविले! सोळाव्या शतकात विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारी नंदी तिम्मन या कवीने तेलुगूत ‘पारिजातापहरणमु’ रचले. आसामात शंकरदेवांनी याच विषयावर नाटक लिहिले, तर मिथिलेत उमापतीने. मराठी लोककथेने मात्र या प्रसंगाला आपल्या स्वभावाप्रमाणे एक मिस्कील शेपूट जोडले. झाड लागले सत्यभामेच्या अंगणात, पण त्याचा सडा पडू लागला रुक्मिणीच्या! परिणामी सत्यभामा ही गर्विष्ठ व मत्सरी म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिली. तिच्या मागणीतील मर्माकडे फारसे कोणी पाहिले नाही. फूल ही कृपा असते, झाड हा करार असतो. फूल देणारा त्या क्षणापुरता बांधला जातो. झाड देणाऱ्याला मात्र पुढच्या वर्षीचेही आश्वासन द्यावे लागते.

पुराणातील पारिजात तो नेमका कोणता, याविषयी एकमत नाही. काही कोशकार त्याला पांगारा समजतात. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे पारिजात म्हणून पूजिला जाणारा जुना वृक्ष तर गोरखचिंचेचा आहे. परंतु मराठी माणसाच्या अंगणातील पारिजातक, म्हणजेच प्राजक्त, तो निराळाच. हिंदी भाषकांचा हरसिंगार आणि बंगाली माणसाची शिउली हीच. शरद ऋतूत दुर्गापूजेच्या सुमारास बंगालात हिचाच दरवळ असतो, आणि पश्चिम बंगालचे राज्यपुष्प होण्याचा मानही हिला मिळाला आहे. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 साली या झाडाला जे लॅटिन नाव दिले, त्यात ‘उदास वृक्ष’ असे शब्द आहेत. सायंकाळी उमलून पहाटे गळून पडणारी फुले पाहून हे नाव सुचले असावे. आपल्याकडे मात्र त्या पहाटेच्या सड्यात कोणाला औदासीन्य दिसले नाही.

प्राजक्ताचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. हे फूल बाजारात सहसा विकत मिळत नाही. ऊन चढू लागले की ते कोमेजते. पुडीत बांधले तर मलूल होते. गुलाब दूरदेशी पाठविता येतो, गजरा कोपऱ्यावर घेता येतो. पण प्राजक्ताची ओंजळ ज्याच्या अंगणात झाड आहे त्यालाच लाभते, आणि तीही पहाटे उठून वेचली तरच. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा संकेत असला तरी या एका फुलाला त्यातून सवलत मिळाली आहे. तेव्हा हे फूल कोणाला प्रेमाने द्यावयाचे, तर त्याचे झाडच लावून द्यावे लागते; सत्यभामेच्या हट्टाला या दृष्टीने निसर्गाचाच आधार आहे.

आणि हे झाड लावणे कठीणही नाही. त्याची चपटी, गोलसर बोंडे वाळली की त्यांतून दोन बिया निघतात. बियांपासून रोप तयार होते, किंवा पावसाळ्यात फांदी लावूनही ते जगविता येते. पाणी साचू न देणारी जमीन व भरपूर ऊन असले म्हणजे त्याच्या फार मागण्या नसतात. बहर ओसरल्यावर फांद्या छाटल्या की नवी फूट जोमाने येते. मात्र पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे जमतात. म्हणून ते खिडकीला खेटून न लावता थोडे दूर लावावे. प्रेमाच्या भेटीबरोबर थोडे सुरवंटही येतात, हे आधीच जाणून असलेले बरे.

ज्यांना अंगण नाही, त्यांच्यासाठी मोगरा आहे. कुंडीतला मोगरा गच्चीवरही वर्षानुवर्षे टिकतो. थंडीत त्याचे पाणी कमी करावे, फांद्या छाटाव्या, नंतर खत घालून पुन्हा पाणी सुरू करावे, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी नव्या फुटीवर कळ्या धरतात. जो पती लग्नाच्या वाढदिवसाला गजरा आणतो, त्याची आठवण त्या रात्रीपुरती राहते. जो कुंडी आणतो, त्याला पौषात कात्री घेऊन बसावे लागते. त्या वेळी झाडावर एकही फूल नसते, आणि प्रेमाची खरी परीक्षा असते ती तेव्हाच.

बदलीची नोकरी करणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड. आज नागपूर, उद्या दिल्ली, परवा भोपाळ. सरकारी निवासस्थानाच्या आवारात पत्नीसाठी हौसेने लावलेले झाड बहरास येते न येते, तोच बदलीचा हुकूम हाती पडतो. सामानाच्या यादीत पलंग, कपाटे, भांडी सारे चढते. झाड तेवढे मागे राहते. पुढे त्याचा सडा कोणा अनोळखी गृहिणीच्या पायरीवर पडतो. मग लावणाऱ्याचे श्रम वाया गेले काय? तसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते दुःख खोटेही नाही. पण नव्या गावी आल्यावर जी गृहिणी आपल्या दारात आधीच उभा असलेला प्राजक्त पाहते, तिलाही कोणीतरी, कोणा दुसरीसाठी लावलेले झाड मिळालेले असते.

लोककथेतील त्या मिस्कील शेपटाचा अर्थ कदाचित हाच असावा. झाड एकीसाठी लावावे, आणि फुले दुसरीच्या अंगणात पडली तर पडू द्यावी. सत्यभामेला हे उमगण्यास वेळ लागला असेल. परंतु तिने फुलावर समाधान मानले असते, तर रुक्मिणीच्या अंगणातही दुसऱ्या दिवशी काहीच उरले नसते.