भाऊ सहीला बोलावतो तेव्हा

भाकऱ्या थापता थापता, शेळ्यांमागं जाता जाता, शिवणयंत्रावर बसून आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्याजणींना नमस्कार.

आम्ही पाचजणी आहोत. दोघी वकील, तिघी विधी सेवेच्या स्वयंसेविका. आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी बसतो, तोही बाजाराच्या दिवशी. कारण त्या दिवशी बाई घरातून निघाली तर कुठं चाललीस म्हणून कुणी विचारत नाही. पिशवीत वर मेथीची जुडी आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, अशा बायका आमच्याकडे येतात.

लोकांना वाटतं, वकिलाकडे बायका येतात त्या सोडचिठ्ठीसाठी. तशाही येतात. पण आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. "ताई, भाऊ सहीला बोलावतोय. करू का?"

आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलू.

वडील जातात. तेराव्याला सगळे जमलेले असतात. कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "पोरी आल्याच आहेत, तर तेवढं कागदाचं उरकून घ्या." पोरींचे डोळेही कोरडे झालेले नसतात. जीप ठरलेली असते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त लिहून तयार असतो. त्या दस्ताचं नाव हक्कसोडपत्र. म्हणजे, या जमिनीत, या घरात माझा जो हिस्सा आहे तो मी राजीखुशीनं सोडत आहे, असं लिहून देणं. पण समोर बसलेल्या दहाजणींना विचारा, सही कशावर केली? "वारसाची नोंद करायची होती म्हणाले." वारसनोंद आणि हक्कसोड या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंदीत तुमचं नाव लागतं. हक्कसोडीत ते जातं. आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता एकेक प्रश्न घेऊ.

"माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आता मला कसला हक्क?"

लग्न झाल्यानं हक्क जात नाही. हिंदू वारसा कायदा 1956 चा. बौद्ध, जैन, शीख घरांनाही तोच लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. चार एकर जमीन, मागं आई, दोन भाऊ आणि एक बहीण असेल तर प्रत्येकाला एक एकर. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू झाली. महाराष्ट्रानं तर 1994 मध्येच अविवाहित मुलींसाठी तसा कायदा केला होता. पुढं वाद झाला, की 2005 आधीच वडील वारले असतील तर काय? 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टातून झालेलं वाटप या दुरुस्तीनं उकरून काढता येत नाही. आणि वडिलांनी स्वतःची कमाई मृत्युपत्रानं कुणा एकाला दिली असेल, तर तीही गोष्ट वेगळी होते. म्हणून मृत्युपत्र आहे का, हे आधी विचारा. आहे म्हणाले तर वाचायला मागा.

आमच्या मुसलमान मैत्रिणींचा वारसा त्यांच्या कायद्यानं ठरतो. तिथं मुलीचा वाटा भावाच्या निम्मा असतो. पण निम्मा असतो, म्हणजे असतोच. ख्रिस्ती घरात मुलगा-मुलगी सारखेच.

"माझ्या लग्नात वडिलांनी खर्च केला. तोच माझा वाटा ना?"

नाही. भावाच्या लग्नातही मांडव पडला होता, जेवणावळी झाल्या होत्या. त्याचा खर्च त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला का? आणि हुंडा दिला म्हणत असतील, तर तो देणं-घेणं 1961 पासून गुन्हा आहे. गुन्ह्याला वाटणी म्हणता येत नाही.

"सातबाऱ्यावर माझं नावच लावलं नाही. संपलं का सगळं?"

संपलं नाही. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. नाव नाही म्हणून मालकी जात नाही. पण नाव नसलं की जमीन विकणं सोपं होतं, म्हणून गप्प बसू नका. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, वारसांची खबर द्यायची असते. ती बहिणीनंही देता येते, भावाचीच वाट बघायला नको. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची. तुम्हाला वगळून फेरफार धरला असेल तर नोटीस निघाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या. मग सुनावणी होते. नोंद आधीच मंजूर झाली असेल तर प्रांताकडे साठ दिवसांत अपील करता येतं. उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहून अर्ज करावा लागतो. मुंबईला, सुरतेला दिलेल्या लेकींनो, तुमच्या गावाच्या फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवर दिसतात. महिन्यातून एकदा बघत जा. आणि कुठंही अर्ज दिला तर आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी "अर्ज दिला होता" म्हणतात, पण पोच नसते.

"तलाठ्यापुढं जबाब दिलाय, हक्क नको म्हणून. आता?"

जमिनीतला, घरातला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्त लागतो. नुसत्या जबाबानं किंवा नोटरीच्या कागदानं हक्क सुटत नाही. तसं झालं असेल तर घाबरू नका, पण लगेच सल्ला घ्या.

"आणि नोंदणीच झाली असेल तर?"

मग अवघड आहे. खोटं सांगून, दमदाटी करून सही घेतली असेल तर दिवाणी कोर्टात दस्त रद्द करण्याचा दावा लावता येतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पण फसवलं हे सिद्ध आपल्याला करावं लागतं. "मी वाचलंच नव्हतं" एवढ्यानं भागत नाही. म्हणून सगळी शक्ती सहीच्या आधी लावायची. निबंधकाच्या कचेरीत फोटो काढतात, अंगठा घेतात, आणि दस्त तुम्ही लिहून दिला आहे ना, असं विचारतात. घाईत ते एखाद्या कामासारखं उरकलं जातं. पण तो प्रश्न तुमच्यासाठी असतो. तिथं तुम्ही "मला हे मान्य नाही" म्हणालात, तर तुमच्यापुरती त्या दस्ताची नोंदणी अधिकाऱ्याला करता येत नाही. दारापर्यंत गेलात म्हणून सही केलीच पाहिजे असं नाही.

आता एका मावशींची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

नवरा गेल्यावर दोन्ही मुलं या मावशींना आणि दोन्ही लेकींना एकाच जीपमधून घेऊन गेली. दस्त एकच होता. लेकींनी सही केली, मावशींनी अंगठा दिला. लेकींना वाटलं, आपला वाटा भावांना जातोय, आई तर घरातच आहे. त्या कागदात आईचाही वाटा गेला, हे कुणी वाचून दाखवलं नाही. दोन वर्षांत भाऊ वेगळे झाले. आईच्या वाटण्या झाल्या. पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे, आणि महिना एकतीसचा असला की एकतीस तारखेला कुणाकडे जेवायचं यावर भांडण. मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "मी चुलीला पोतेरं घातलेलं घर माझं न्हाई का गं आता?"

या प्रश्नावर आम्हाला लगेच बोलता आलं नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. त्याखाली प्रांताकडे अर्ज करून मुलांकडून दरमहा पोटगी मागता येते. ती आम्ही मागितली, मिळालीही. पण घर परत आलं नाही. त्याच कायद्यात असंही आहे, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर तो दस्त रद्द ठरवून मागता येतो. मावशींच्या दस्तात सांभाळण्याचा शब्दच नव्हता. एक ओळ हवी होती. ती लिहायला दस्त लिहिणाऱ्याला एक मिनिट लागलं असतं.

म्हणून लेकींनो, तुम्ही तुमचा वाटा सोडणार असाल तर सोडा. पण आईचा अंगठा त्या कागदावर पडू देऊ नका. तिचं नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर ठेवा. म्हातारपणी तिला तोच आधार असतो. आणि काही कारणानं तिनं द्यायचंच ठरवलं, तर सांभाळण्याची अट कागदावर लिहून घ्या.

आता खरा प्रश्न. कलम, मुदत, अपील हे सगळं ऐकून झाल्यावर बायका कागद पिशवीत ठेवतात आणि उठता उठता विचारतात, "पण ताई, माहेर तुटंल का?"

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. आम्ही आमचंच सांगतो. आमच्यातल्या एकीनं वकील झाल्यावर, सगळं समजून हक्कसोडपत्र लिहून दिलं. भाऊ कोरडवाहू तीन एकरांवर राबत होता, हिला पगार होता. तिनं दस्त स्वतः वाचला, आईचं नाव ठेवायला लावलं, आणि सही केली. तिला त्याचा कधी पस्तावा झाला नाही. आमच्यातल्याच दुसरीनं सही केली नाही. नवरा आजारी, पोरी शिकत होत्या. चार वर्षं भाऊबीज झाली नाही. ताट तयार करून ती दाराकडे बघत बसायची. पाचव्या वर्षी भाचीचं लग्न निघालं आणि भाऊ पत्रिका घेऊन आला. हिस्सा तिच्याकडेच आहे, जमीन भाऊच कसतो, खंड देतो. सगळ्यांचं असं गोड होईल असं आम्ही सांगणार नाही. काहीजणींचं माहेर तुटलंही आहे. पण सही करूनही माहेर तुटलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. सही झाली, आणि पुढच्या दिवाळीला बोलावणंच आलं नाही. सहीनं माहेर बांधून ठेवता येत नाही.

आणि एक गोष्ट स्वतःलाच विचारायची. माहेरी आपण बहीण असतो, सासरी वहिनी असतो. भावानं सही मागितली की आपल्याला लागतं. पण सासरे गेल्यावर नणंदेला जीपमध्ये बसवून नेताना पुढच्या सीटवर आपणच नसतो ना? तिला तो कागद आपण वाचायला दिला होता का?

द्यायला आमची ना नाही. देणं मोठंच आहे. पण काय देतोय हे माहीत असेल तरच ते देणं. नाहीतर ते नुसतं जाणं.

आता जाता जाता एवढं करा. तेराव्याच्या आत कुठलीही सही करू नका. "दुःखात आहे, महिनाभर थांबा" म्हणा. एवढं कुठल्याही भावाला ऐकावंच लागतं. दस्ताची प्रत आधी घरी मागा आणि शिकलेल्या लेकीकडून, भाचीकडून मोठ्यानं वाचून घ्या. त्यात हक्क कुणाकुणाचा जातोय आणि कुणाच्या नावानं जातोय ते बघा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कुणालाही देऊ नका.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न राहिला. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची कचेरी असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. किंवा 15100 या नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत. कोर्टाची पायरी चढायची नसेल तर भावाला समोर बसवून लोकअदालतीत समजुतीनं मिटवता येतं, आणि तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का असतो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही नेहमीच्या जागी आहोत. मेथीखालचे कागद घेऊन या. सही झालेली असली तरी या. पण झालेली नसताना आलात, तर आम्हाला जास्त आनंद होईल.

नमस्कार.