उन्हातले काम आणि थांबण्याचा हक्क
(बेलव्ह्यू येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय बेलव्ह्यूसारख्या शहरात काहींना अप्रस्तुत वाटेल. जेथे वर्षातील कित्येक महिने ढग आणि पावसाची रिपरिप असते, तेथे उष्माघातावर काय बोलायचे? शिवाय आपल्यापैकी बहुतेकांचे काम संगणकापुढे, वातानुकूलित इमारतीत चालते. परंतु ती इमारत कोणी उभी केली? २०२४ च्या एप्रिलपासून बेलव्ह्यूतून रेडमंडकडे धावणारी रेल्वे, डाउनटाउनमधील उंच मनोरे, आपल्या घरांवरची छपरे, ही सारी उघड्यावर राबणाऱ्या माणसांची करणी आहे. खडी फोडणारी, गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहणारी, १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर माती उपसणारी माणसे आपल्या कितीतरी घरांत होती. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

२०२१ च्या जूनअखेर या प्रदेशावर उष्णतेची लाट आली. २८ जून रोजी सिअ‍ॅटलमध्ये पारा १०८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४२ अंश सेल्सिअसच्याही किंचित वर गेला. वॉशिंग्टन राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. आपली नागपूर-चंद्रपूरकडील मंडळी म्हणतील, ४२ अंशांत आमच्याकडे लग्ने लागतात! खरे आहे. परंतु उन्हाची सवय ही शरीराला एक-दोन आठवड्यांत, हळूहळू होणारी गोष्ट आहे. सवय झालेल्या माणसाला घाम लवकर येतो, अधिक येतो, आणि त्यातून मीठ कमी जाते. येथील माणसांना ती सवय नव्हती आणि पुष्कळ घरांत वातानुकूलनही नव्हते.

याच कारणाने बांधकामावर नवा आलेला किंवा रजेवरून परतलेला मजूर सर्वाधिक धोक्यात असतो. उघड्यावरील कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, असे अमेरिकेचे व्यावसायिक सुरक्षा खाते सांगते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या एकपंचमांशच वेळ काम द्यावे आणि मग ते रोज तेवढेच वाढवीत न्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी आपण कामाला वाघ आहोत हे मुकादमाला दाखविण्याची नव्या माणसाला घाई असते. त्याला दोष कसा द्यावा? त्याला उद्याची रोजी हवी असते.

ऊन बाहेरून तापविते, तसे काम आतून तापविते, हे आपण विसरतो. अंगमेहनतीत स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन शरीरातच राहतो. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. हवा दमट असली, अंगावर जाड कपडे व शिरस्त्राण असले, पायाखाली तापलेले डांबर वा पत्रा असला, की तो मार्ग अडतो. प्रथम पायांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. पुढे माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो. हा उष्माघात होय, आणि तेव्हा शरीराच्या आतील तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलेले असू शकते. घाम थांबला तरच उष्माघात, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती घातक आहे. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम येत असू शकतो. अशा वेळी ९११ ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत वाट न पाहता त्याला सावलीत नेऊन बर्फाच्या किंवा गार पाण्याने भिजवावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. खिशात कांदा ठेवण्याविषयी मी काही बोलत नाही. मीठ घातलेले कैरीचे पन्हे मात्र शुद्धीवर असलेल्याला अवश्य द्यावे.

२०२१ च्या त्या अनुभवानंतर या राज्याने जुना नियम कडक केला. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसला, मालकाची जबाबदारी सुरू होते. दर माणशी, दर तासाला एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर गार पाणी आणि सावली द्यावी लागते. ९० अंशांना दर दोन तासांत दहा मिनिटे आणि १०० अंशांना दर तासाला पंधरा मिनिटे विश्रांती सक्तीची आहे, आणि तिचे पैसे कापता येत नाहीत. नव्या मजुरावर चौदा दिवस बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

माझ्या मते या नियमाचा सारा जीव ‘पैसे कापता येत नाहीत’ या शब्दांत आहे. पाणी आणि सावली असूनही थांबले की मजुरी बुडत असेल, तर मजूर थांबत नाही. उलट टेक्ससने २०२३ साली व फ्लॉरिडाने २०२४ साली, स्थानिक नगरसंस्थांना असे नियम करण्यापासून रोखणारे कायदे केले.

आपल्या देशाकडे पाहू. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. पण ती कारखान्याच्या भिंतींच्या आत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला भिंतच नाही. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याने पिण्याच्या पाण्याची आणि शौचालयाची तरतूद केली. परंतु उन्हात थांबण्याचा हक्क त्यात नव्हता. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत शेकडो माणसे गेल्यावर तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, पुढे नागपूरनेही केला. हे आराखडे उपयुक्त आहेत, तरी दुपारी काम बंद ठेवा हा त्यांतील सल्लाच असतो, आणि बंद तासांची मजुरी कोण देणार यावर मौन असते.

शौचालयाचा उल्लेख मी ओझरता केला. तेथे थोडे थांबतो. आपल्याकडे परांचीखाली घमेले उचलणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. तहान नसते असे नाही. जायला आडोसा नसतो. मग उन्हाळी लागते, लघवीची जळजळ होते, पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. येथेही रस्त्यावर वाहने थांबविण्याचा फलक धरून उभी असलेली बाई बदली आल्याशिवाय जागा सोडू शकत नाही. पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला, पाणी शेजारी असूनही पिता न येणे म्हणजे काय, हे उलगडून सांगावे लागू नये.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. बेलव्ह्यूत आपण छप्पर बदलून घेतो. महाराष्ट्रात पैसे पाठवून गावी घर किंवा शहरात फ्लॅट बांधतो. म्हणजे काम देणारे आता आपणच असतो. कंत्राटदाराशी बोलणी करताना दर आणि मुदत विचारतो, तसेच हेही विचारावे: सावली कोठे, पाणी किती, बायांसाठी शौचालय आहे काय, दुपारच्या बंद तासांची मजुरी धरली आहे काय? स्लॅब एप्रिल-मेमध्येच टाकायचा असेल तर पहाटे सुरू करून अकराच्या आत उरकता येतो. त्याला मजूर अधिक लागतात आणि खर्च थोडा वाढतो. तो खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहून घ्यावा, नाहीतर तो मुकादमाच्या खिशात जातो.

जयभीम.